येण्याची हाक

दोरशेपट्याला जमीन लागते ती अंडं घालण्यापुरती. बाकीचं आयुष्य तो दर्यावर काढतो आणि तेही बहुतेक एकट्यानं. किनारा दिसेनासा झाला, होड्यांची ये-जा मागे पडली आणि चारी बाजूंना नुसतं पाणी उरलं, की कुठून तरी हा पांढरा पक्षी येतो. डोलकाठीभोवती एक फेरी मारतो, खाली माणसं आहेत एवढं बघून घेतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. शेपटीची दोन पिसं अंगापेक्षा लांब, सुताच्या दोऱ्यासारखी मागे तरंगत असतात. म्हणून देवखोल गावचे खलाशी त्याला दोरशेपटा म्हणत. तो दिसला, की होडीचा म्होरक्या, तांडेल, हसून म्हणायचा, "घरी कोणीतरी आठवण काढल्यान रे."

हे सुंदरा मोंडकरनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. पक्षी स्वतःच्या डोळ्यांनी बघायला तिला म्हातारपण यावं लागलं, आणि त्यासाठी सवतखडपावर येऊन राहावं लागलं.

सवतखडप म्हणजे देवखोलच्या खाडीपासून बरंच बाहेर, समुद्रात उघडा पडलेला एक कातळ. त्यावर चार झुडपं, एक जुनी दीपमाळ आणि तिच्या पायथ्याशी सिमेंटची एक खोली. घरच्या पुरुषांना ओढून नेतो म्हणून बायकांनी त्याला सवत ठरवलेलं. तिकडं दक्षिणेला, जिथं या पक्ष्यांची पिढ्यान् पिढ्यांची घरटी होती, ती बेटं एकेक करून पाण्याखाली गेली. मग उरलेल्यांतलं एक जोडपं वर सरकत सरकत इथं येऊन टेकलं. ही बातमी कळताच समुद्रपक्ष्यांवर काम करणारं एक केंद्र त्यांच्या मागोमाग आलं. कॅमेरे बसले, कपारीबाहेर एक कर्णा बसला, सौर पाट्या बसल्या, आणि त्या पुसायला, उंदरांना पिंजरे लावायला एक माणूस हवं झालं. उन्हाळ्यात माणसं मिळत. पण पावसाळ्याचे चार महिने दर्या बंद असतो, होडी येत नाही, जात नाही. तेवढ्याला कोणी तयार होईना.

"एकटं राहायला जमेल ना काकी?" डॉक्टर अनुजा वालावलकर हिनं नेमणुकीच्या वेळी विचारलं होतं. पक्ष्यांच्या आवाजावर तिचा अभ्यास होता.

"मगे आतापावत मी काय करतंय?" सुंदरा म्हणाली होती.

केंद्रानं पक्ष्यांना आकडे दिले होते. सुंदराला आकड्यांनी हाक मारता येईना. नराचं नाव तिनं ठेवलं तांडेल, आणि मग मादी आपोआपच वयनी, म्हणजे वहिनी, झाली.

वयनीचं घरटं म्हणजे दीपमाळेच्या मागच्या कपारीतला नुसता उघडा दगड. काडी नाही, गवत नाही. वर्षाला अंडं एकच. ते उबवायला नरमादी पाळी लावतात. एक बसतं, दुसरं खोल दर्यात जातं, उडते मासे आणि बिनकाट्याचं म्हाकुल खाऊन पोट भरतं आणि कित्येक दिवसांनी परत येतं. बसलेल्यानं तेवढे दिवस उपाशी राहायचं. येणारा पक्षी लांबूनच कर्कश ओरडतो, बसलेला उत्तर देतो, आणि मगच बदली होते. पाय इतके मागे आणि इतके दुबळे, की त्यांना उभं राहता येत नाही. पोटावर घसटत, पंखांनी रेटत अंड्यावरून बाजूला व्हायचं, कपारीच्या तोंडाशी जायचं आणि वाऱ्यात पडायचं. एकदा वारा अंगाखाली आला, की तोच लंगडा जीव असा काही तरंगतो की बघणाऱ्याचा श्वास अडकावा.

आषाढात वयनीची पाळी सुरू झाली आणि तांडेल बाहेर गेला. तो परत आलाच नाही.

"काकी, त्याचा ठिपका गेला," अनुजाचा उपग्रहाच्या फोनवरून आवाज आला.

"गेलो म्हणजे खंय गेलो?"

"खूप पश्चिमेला होता. तिथं वादळ होतं. सकाळपासून काहीच येत नाहीये."

दोघांच्या शेपटीच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढं एक यंत्र चिकटवलेलं होतं. उन्हावर चालायचं. पक्षी कुठं आहे, पाण्यात सूर कधी मारला, काय ओरडला, सगळं ते कळवायचं. ते गळून पडलं असेल किंवा पक्षीच पडला असेल. कपारीत बसलेलीला दोन्ही सारखंच.

"मगे आता?"

"आता काही दिवस ती वाट बघेल. तो आला नाही, की अंडं सोडून निघून जाईल. निसर्गात असंच असतं, काकी. ती जगली तर पुढच्या वर्षी कदाचित दुसरा जोडीदार मिळेल."

सुंदरानं कपारीकडं बघितलं. मग म्हणाली, "तुझ्या पेटयेत तेचो आवाज असा मा?"

"आहे. तीन हंगामांचा आहे."

"मगे लाव तो."

"काकी, ते..."

"आमच्याकडे वाट बघणाऱ्या घराक 'तो येवचो नाय' असा कोण सांगणा नाय. घर गप ठेवचा नसता. बाकी शिकलेली तू."

अनुजाला हसू आलं, आणि मग ती विचारात पडली. कारण सुंदरा म्हणत होती ते करण्याजोगं यंत्र तिच्या प्रयोगशाळेत खरोखरच तयार होतं, फक्त ते कधी वापरलेलं नव्हतं.

पक्ष्याला टिपलेला आवाज ऐकवणं जुनंच. पण टिपलेली हाक दर वेळी तंतोतंत तीच असते, आणि एकदोनदा ऐकून पक्षी ओळखतो, की हे खोटं. जिवंत हाक दर वेळी थोडी वेगळी असते. वारा पाठीवर असेल तर वेगळी, पोट भरलेलं असेल तर वेगळी, आणि समोरून उत्तर येईल तशी पुढची बदलत जाते. अनुजाच्या संगणकानं तांडेलाच्या हाका पाठ केल्या नव्हत्या, तर तो हाक कशी मारतो हेच शिकून घेतलं होतं. सुंदराला तिनं फोनवर हे समजावलं तेव्हा सुंदरा लगेच म्हणाली, "म्हणजे दशावतारासारख्या." आणि ते बरोबर होतं. दशावतारातल्या राजाकडं लिहिलेलं भाषण नसतं. राजा कसा बोलतो एवढं त्याच्या अंगात मुरलेलं असतं, मग समोरचा काहीही बोलो, त्याला उत्तर मिळतंच.

वरच्या साहेबांची परवानगी आली. कपारीबाहेरच्या कर्ण्यातून दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेलाची हाक उठली.

सुंदरा पिंजरे बघत होती. ती जागीच थांबली. कपारीतून उत्तर आलं. कर्ण्यानं जरा थांबून, किंचित वेगळ्या सुरात पुन्हा हाक दिली. पुन्हा उत्तर. सुंदरानं दोन्ही हात जोडले आणि कोणाला ते न कळून तसेच खाली घेतले.

"बसली!" अनुजा फोनवर ओरडली. "काकी, ती बसून राहिली! वजनकाटाही सांगतोय, ती नीट बसलीये."

कपारीतल्या दगडावर एक पातळ काटा बसवला होता, तो तिचं वजन कळवत असे. त्या दिवशी सुंदराला वाटलं, आपण एक संसार वाचवला.

कपारीतला कॅमेरा लोकांना घरबसल्या बघता येत होता. केंद्रानं ही हकिगत बाहेर सांगितली आणि बघणाऱ्यांची रीघ लागली. दिवस गेले. वयनी उठत नव्हती. अनुजा कधी कधी लोकांचे अभिप्राय वाचून दाखवी. नवऱ्यासाठी उपाशी बसलेली सती. माणसांनी शिकावं असं पाखरू. एका बाईनं तर तिच्यावर ओव्या रचून पाठवल्या होत्या.

"बस झाला. वाचू नको," सुंदरा एकदा म्हणाली.

"का? आवडलं नाही?"

"ह्या सगळा मी ऐकलंला असा."

ते खरं होतं. देवखोलमध्ये सुंदराचंही असंच कौतुक झालं होतं. 

तिचा नवरा बाबल मोंडकर तांडेल होता. होडी खाडीच्या तोंडाशी आली, की तो वायरलेसवरून बंदरातल्या माणसाला निरोप द्यायचा आणि तो माणूस सुंदराला फोनवर ऐकवायचा: "येतंय गो. खाडीच्या तोंडाक लागलंय. भात टाक." देवखोलच्या बायकांची घड्याळं अशीच चालत. आधी भात टाकायचा नाही, घरधन्याची हाक आल्याशिवाय आधण ठेवणं अशुभ. त्या दिवशीही हाक आली. सुंदरानं तांदूळ वैरले. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. होडीच्या फळ्या मिळाल्या, दोन खलाशी मिळाले. बाबल मिळाला नाही.

आणि जो मिळत नाही तो गेला असं कोणी म्हणत नाही. बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून क्रिया करायची, ही रीत. त्या बारा वर्षांत गावानं सुंदराचं घर गप ठेवलं नाही. कोणी म्हणे, वेरावळच्या धक्क्यावर तसाच माणूस दिसला. कोणी म्हणे, परमुलखातल्या तुरुंगात असतील, तिकडून माणसं सुटून येतात. सगळी चांगली माणसं. कोणाच्या मनात पाप नव्हतं. प्रत्येक वेळी सुंदरा उठून अंगण सारवायची. कणकवलीला राहणारी बहीण वसू म्हणत होती, माझ्याकडं ये, खानावळीत दोघी मिळून काम करू. पलीकडच्या गावात अंगणवाडीतली नोकरी चालून आली होती. सुंदरानं दोन्हींना नाही म्हटलं. घराला कुलूप दिसलं तर तो काय म्हणेल?

"लोका तुझी आरती करतत," वसू एकदा चिडून म्हणाली होती, "आणि तू हयसर सुकतंस."

सुंदरानं तिला जेवायला न वाढता परत पाठवलं होतं. पुढे बारा वर्षं झाली, दिरानं पुतळा केला, क्रिया झाली. पण तोवर सुंदराला बसायची सवय लागून गेली होती.

एके दिवशी पाऊस उघडला तेव्हा अनुजाचा फोन आला. या वेळी तिच्या आवाजात नेहमीची धावपळ नव्हती.

"काकी, वयनीचं वजन बघताय का?"

"तू बघतंस मा?"

"बघतेय. खूप उतरलंय. एवढ्या वेळात तिनं अंडं सोडून कधीच निघून जायला हवं होतं. आवाज ऐकते म्हणून जात नाहीये."

"पण अंड्यात जीव असा."

"आहे. कॅमेऱ्यात उष्णता दिसते. पिल्लू बाहेर यायला अजून अवकाश आहे. आणि आलं तरी त्याला भरवणार कोण? ही? हिच्यात उडायचं बळ उरलेलं नसेल."

"साहेब काय म्हणतत?"

"साहेब म्हणतात, चालू ठेवा. एवढे लोक बघतायत, पिल्लू निघालं तर इतिहास होईल." मग ती म्हणाली, "मी इथून बंद करू शकते. नंतर काय बोलायचं ते माझं मी बघेन. पण आवाज लावायला तुम्ही सांगितलंत. तुम्हाला विचारल्याशिवाय मला बंद करवत नाही."

"एक दिस दी," सुंदरा म्हणाली.

तिनं खडपाच्या खळग्यात गळ टाकून दोन बारके मासे काढले आणि कपारीशी गेली. वयनीच्या चोचीपुढं मासा धरला. चोच पिवळी, कडा करवतीसारख्या. वयनीनं मासा सोडून बोटच धरलं.

"अगो मेले! माका नको, मासो खा!" सुंदरानं रक्त पदराला पुसलं. "खा गो माझे आये. तो येयपर्यंत तरी खा."

वयनीनं मासा बघितलासुद्धा नाही. या पक्ष्याला दगडावर ठेवलेला मासा म्हणजे अन्न हे ठाऊकच नसतं. त्याचं अन्न पाण्यात असतं, आणि उंचावरून सूर मारून घ्यायचं असतं. अनुजानं हे आधीच सांगितलं होतं. तरी सुंदरा मासे पुढे करत राहिली, शेवटी ते वाळून गेले.

मग ती तिथंच दगडाला टेकून बसली. इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती. पक्ष्याला त्रास नको म्हणून एरवी लांबूनच बघायची. वयनीच्या छातीचं हाड वर आलं होतं. डोळ्यापुढचा काळा पट्टा तेवढा ठसठशीत, बाकी अंग धुऊन धुऊन विरलेल्या कापडासारखं.

कर्ण्यातून तांडेलाची हाक आली.

वयनीनं मान वर केली. उत्तर दिलं. आणि मग तिनं जे केलं ते कॅमेऱ्याच्या कोनातून नीट दिसत नसे. पंख दगडावर टेकवून, पोटावर घसटत, थरथरत ती अंड्यावरून अर्धी बाजूला सरकली. तांडेलासाठी तिनं जागा केली होती. अंडं उघडं पडलं, तपकिरी ठिपक्यांचं. ती समुद्राकडं बघत राहिली. कोणी आलं नाही. थोड्या वेळानं तसंच रेटत ती पुन्हा अंड्यावर चढली. तेवढ्यानं तिची चोच उघडी पडली, धाप लागली.

कर्ण्यानं पुन्हा हाक दिली. ती पुन्हा सरकली.

सुंदराला आपली चटई आठवली. बारा वर्षं, आणि त्यानंतरही, ती चटईच्या एका कडेला निजत आली होती. या खोलीत, जिथं दुसरं माणूस येणंच शक्य नव्हतं, तिथंही ती कडेलाच निजत होती.

ती उठली. गुडघे धरले होते. खोलीत जाऊन फोन उचलला.

"अनुजा."

तिनं आजवर कधी नावानं हाक मारली नव्हती. पलीकडून लगेच "काकी?" आलं.

"बंद कर गो. आता, ह्या घटकेक."

"नक्की?"

"ती तेका जागा करून देता. दर टायमाक. तुका कॅमेऱ्यात दिसणा नाय, मी आता बघलंय. बंद कर."

पलीकडं काहीतरी टिकटिकलं. "केलं," अनुजा म्हणाली. मग अगदी हळू, "उशीर तर नाही ना झाला?"

"तुका काय म्हायत, माका काय म्हायत," सुंदरा म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळची हाक आली नाही. वयनीनं हाकेच्या वेळेला मान वर केली आणि वाट पाहिली. मग स्वतःच एकदा ओरडली. खडपावर लाटांशिवाय आवाज नव्हता. ती पुन्हा ओरडली. सुंदरा खोलीच्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. दोनदा तिचा हात फोनकडं गेला. अनुजाला नुसतं म्हटलं असतं, तर कर्णा लगेच बोलला असता. तिनं फोन तांदळाच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डब्यावर पाटा ठेवला.

पुढचे दिवस असेच. सुंदरा पाट्या पुसायची, पिंजरे बघायची, कपारीकडं जायची नाही. ओरडणं हळूहळू कमी झालं. एक दिवस झालंच नाही.

त्या सकाळी वारा खाऱ्या पाण्याच्या थेंबांनी जड होता. सुंदरा दीपमाळेच्या आडोशानं पुढं झाली. वयनी अंड्यावरून उतरली होती. या वेळी ती समुद्राकडं बघत थांबली नव्हती. कपारीच्या तोंडाकडं सरकत होती. दर हातभर अंतराला थांबे, मान खाली टाकी, परत पंखांनी रेटी. सुंदराला वाटलं, उचलून कडेशी ठेवावं. पण तिनं हात पाठीमागं बांधून घेतले. या पक्ष्याला कोणी उचललं, की तो ओकतो आणि उरलंसुरलं बळ घालवतो, हेही तिला सांगितलेलं होतं.

कड आली. वयनी क्षणभर तिथं पडून राहिली, आणि मग खाली कोसळली.

सुंदराच्या तोंडून आवाज निघाला. ती कडेशी धावली. खाली पांढरा फेस, काळा कातळ. काही दिसेना. मग फेसाच्याच रंगाचं काहीतरी फेसापासून सुटं झालं. लाटेच्या माथ्याला जवळजवळ घासून ते वर आलं, दोन दोरे मागं ताणले गेले, आणि वारा एकदाचा अंगाखाली आला. एक फेरी नाही, वळून बघणं नाही. ती सरळ पश्चिमेला गेली. सुंदरा डोळ्यांवर हात धरून बघत राहिली, पांढऱ्यावर पांढरं ओळखू येईनासं होईपर्यंत.

मग ती कपारीत वाकली. अंड्याला हात लावला. अजून कोमट होतं. तिनं ते ओंजळीत घेतलं, छातीशी धरलं आणि तिथंच बसली. उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं. पण निवेपर्यंत कोणीतरी धरलेलं असावं, एवढंच तिला वाटलं. दुपारनंतर ते दगडाइतकं थंड झालं. तिनं ते होतं तिथं ठेवलं, कॅमेऱ्यासमोर, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर आपला हातरुमाल टाकला.

पाटा बाजूला करून तिनं फोन डब्यातून काढला. तांदळाचे दाणे त्याला चिकटले होते.

"उडाली," तिनं सांगितलं.

"मला दिसतेय. काकी, ती फार हळू चाललीये. मधेच पाण्यावर बसते." अनुजा पुढं म्हणाली, "साहेब रागावलेत. ते राहू दे. तुम्ही जेवलात का?"

"तू फोन ठेवू नको," सुंदरा म्हणाली. "बोलू पण नको. नुसती रव."

दोघी तशाच राहिल्या. फोनमध्ये अनुजाच्या पंख्याची घरघर होती, इकडं वारा. कोण कुठल्या गावची, आणि दोघींचं लक्ष कुठं दूर पाण्यावर हलणाऱ्या एका ठिपक्यात. तिथं बेट नाही, होडी नाही, दुसरा पक्षीही नाही.

ऊन कलायला लागलं, तेव्हा अनुजा ओरडली. "काकी! तिनं सूर मारला!"

"काय?"

"पाण्यात गेली. थांबा... वर आली. परत... परत मारला! यंत्रात गिळल्याचा आवाज आलाय. खाल्लं तिनं, काकी. खाल्लं!"

सुंदरा "बरा" म्हणाली. तिनं फोन खाली ठेवला.

दर्या उघडायला अजून वेळ होता. पहिली होडी येईल तिच्यातून वसूला निरोप पाठवायचा, खानावळीत अजून हाताखाली कोणी हवंय का विचारायचं. ती काय बोलेल, शिव्या घालेल बहुतेक. घालू दे.

सुंदरानं चूल पेटवली. डब्यातून मूठभर तांदूळ काढले, फोनला चिकटलेले दाणेही त्यात झटकले. कोणाची हाक आली नव्हती, येणारही नव्हती. तिनं आधण ठेवलं आणि भात टाकला.